कुठले सलिव्हन?

आयर्लंडमधल्या कॉर्कला राहायला येऊन जेमतेम महिना झाला होता. मुलीला ताप आला म्हणून तिला घेऊन जवळच्या दवाखान्यात गेले. बाहेर दहा-बारा माणसं बसलेली. आतून नर्स आली, हातातल्या कागदाकडे बघत तिनं हाक मारली, "ओ'सलिव्हन?" तिघंजण उठले. काठी टेकणारे एक गृहस्थ, कडेवर बाळ घेतलेली एक बाई आणि शाळेच्या गणवेशातला एक मुलगा. एकाचाही दुसऱ्याशी संबंध नव्हता. नर्सनं पहिलं नाव घेतलं, तरी दोघं उभेच. मग जन्मतारीख विचारून तिनं त्या मुलाला आत नेलं. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी मात्र घरी येईपर्यंत त्याचाच विचार करत होते.

आडनाव हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. माहेरची मी आचरेकर. वाढले मुंबईत, आचऱ्याला जायची ती मे महिन्यात आणि जत्रेला, पण नाव सांगितलं की समोरच्याला गाव कळायचं. लग्नानंतर कुलकर्णी झाले. या नावात गाव नाही, पण गावचं दप्तर आहे, पूर्वजांनी कोणतं काम केलं ते आहे. ओ'सलिव्हन या नावात यातलं काहीच नाही. तिथे आहे तो एक माणूस, आणि त्या माणसाचा डोळा.

हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं. इथे ऐंशी वर्षांच्या बाईलाही नुसत्या नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून ते काही केल्या निघेना. शेवटी त्यांना सांगितलं, आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईला आजी म्हणतात. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा पुटपुटून बघितला. तेव्हापासून त्या फोनवरही "आजी बोलतेय" असंच सांगतात.

आजी ओ'सलिव्हन. माहेरच्याही ओ'सलिव्हन. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेलं बेअरा नावाचं एक डोंगराळ द्वीपकल्प आहे, तिथल्या अ‍ॅलिहीज गावच्या. "आमच्याकडे सलिव्हननं सलिव्हनशी लग्न केलं तर कुणी मान वळवून बघत नाही," असं त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं नाव लिहून दाखवलं, आयरिशमध्ये. उच्चार साधारण 'ओ सूलवान'. त्यातल्या 'सूल'खाली त्यांनी रेघ मारली. सूल म्हणजे डोळा. पुढच्या तुकड्याबद्दल जाणकारांचं एकमत नाही. बहुतेकांच्या मते तो 'काळा', म्हणजे नाव झालं 'काळ्या डोळ्यांच्या माणसाचा वंशज'. काही जण 'एकाक्ष' असा अर्थ लावतात. आजींना काळे डोळेच पसंत आहेत. त्यांचे स्वतःचे मात्र निळे आहेत.

'सूल'चा आणखी एक उपयोग त्यांनी सांगितला. आयरिशमध्ये 'मला आशा आहे' म्हणायचं असेल तर 'टा सूल अगम' म्हणतात. शब्दाला शब्द लावला तर 'माझ्यापाशी डोळा आहे'. कुणाची वाट बघायची तीही डोळ्यानंच. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडेही माणूस डोळे लावून बसतो. त्या काही वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या घरच्या बायकांनी तर दुसरं काही केलंच नाही."

त्याच कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी आणखी दोन नावं लिहिली. लग्नाआधी त्या 'नी हूलवान' होत्या, लग्नानंतर 'ई हूलवान' झाल्या. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. तो फक्त पुरुषांसाठी. 'नी' म्हणजे त्या वंशजाची लेक, 'ई' म्हणजे त्याची बायको. आणि 'नी' किंवा 'ई' पुढे आलं की 'स'चा 'ह' होतो. इंग्रजी कागदांवर आजी जन्मापासून आजपर्यंत एकाच आडनावाच्या आहेत, लग्न झाल्याची खूण कुठेच नाही. आयरिशमध्ये मात्र एका अक्षरात सासर-माहेर दिसतं. मला हे फार हवंहवंसं वाटलं. माझं आचरं पासपोर्टवरून गेलं ते गेलंच. त्याच्या जागी माहेराची एवढीशी खूण ठेवायची सोय आपल्या भाषेत असती तर मी ती आनंदानं वापरली असती.

आयरिश लोकांची आडनावं युरोपातल्या सर्वांत जुन्या आडनावांपैकी आहेत. ९१६ साली वारलेल्या एका सरदाराची नोंद 'ओ क्लेरी' या वंशनावानं सापडते. त्यानंतरच्या शंभर-दोनशे वर्षांत बहुतेक घराण्यांनी एखाद्या नावाजलेल्या पूर्वजाचं नाव धरून ठेवलं. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू राजाचे वंशज ओ'ब्रायन झाले, ते असेच. म्हणजे 'कर' लावणारा सांगतो, मी कुठला. 'ओ' लावणारा सांगतो, मी कुणाचा. हा फरक मला सुरुवातीला नुसता गमतीचा वाटला होता. तो किती खोल जातो ते कळायला वेळ लागला. कारण 'कुठला' हे ज्या नावात नाही, ते नाव घेऊन माणूस कितीदा उखडला गेला हे नावावरून कधीच कळत नाही.

ओ'सलिव्हन पहिल्यांदा उखडले गेले ते टिपरेरी परगण्यातून. हे आज कुणाच्या ध्यानातही नसतं. सगळे त्यांना कॉर्क-केरीचेच समजतात. त्यांचं मूळ ठाणं शूर नदीकाठच्या नॉकग्राफनला होतं. मी एका शनिवारी मुद्दाम तिकडे गेले. काय आहे तिथे? गवतानं झाकलेली एक उंच गोल टेकडी, माणसांनी माती रचून केलेली, आणि भोवती नजर पोचेल तिथवर दुभत्या गाईंचं सपाट रान. चिखलात पाय रुतत होते आणि मनात येत होतं, अशी जमीन कोण आपण होऊन सोडेल? ती त्यांनी सोडली नाहीच. बाराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदार इथे घुसले आणि ११९२ साली नॉकग्राफनला त्यांचा किल्ला उभा राहिला. ओ'सलिव्हन नैर्ऋत्येकडे सरकले, जिथे दगड, दलदल आणि समुद्र होता. तिथे त्यांच्या दोन मोठ्या शाखा झाल्या: केनमेअरजवळ डन्केरनला ओ'सलिव्हन मोर, म्हणजे थोरली पाती, आणि बेअराच्या डनबॉय किल्ल्यात ओ'सलिव्हन बेअर. या धाकट्या पातीनं खाडीतल्या मासेमारीवर आणि बंदरावर आपलं बस्तान बसवलं. स्पेनची गलबतं तिथे येत-जात.

आजींच्या दिवाणखान्यात एक नकाशा लावलेला आहे. त्यावर बेअराजवळच्या ग्लेनगॅरिफपासून उत्तरेकडच्या लीट्रिमपर्यंत लाल रेघ ओढली आहे. त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर ती वाट थोडी-थोडी करून चालली होती. त्या रेघेबद्दल आजी सांगतात तेव्हा चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगताहेत असं वाटत नाही.

१६०१च्या अखेरीस दक्षिण किनाऱ्यावरच्या किनसेलला आयरिश सरदारांचा आणि त्यांच्या मदतीला आलेल्या स्पॅनिश सैन्याचा इंग्रजांनी पराभव केला. बेअराचा सरदार डोनल कॅम ओ'सलिव्हन तरीही शरण जाईना. १६०२च्या जूनमध्ये इंग्रजी फौजेनं डनबॉयला वेढा घातला. आत १४३ माणसं होती. तोफांनी किल्ला मोडला, आतले बहुतेक मेले, उरलेल्यांना फासावर दिलं. डर्सी बेटावर आसऱ्याला गेलेल्या बायकापोरांचीही कत्तल झाली. गुरं गेली, धान्य गेलं, हिवाळा आला. तेव्हा ३१ डिसेंबर १६०२ या दिवशी डोनल कॅम हजारएक माणसं घेऊन ग्लेनगॅरिफहून निघाला. त्यांत लढणारे साधारण चारशे. बाकी बायका, मुलं, म्हातारे, नोकरचाकर. जायचं होतं उत्तरेला लीट्रिमला, ओ'रूर्क नावाच्या सरदाराच्या आश्रयाला. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास.

वाटेत त्यांच्यावर इंग्रज तुटून पडले, तसे आयरिश सरदारही तुटून पडले. कुणाला बक्षीस हवं होतं, कुणाला आपली निष्ठा दाखवायची होती, कुणाला फक्त आपल्या रानातून ही भुकेली माणसं जायला नको होती. मला या कथेतला हाच भाग सर्वांत जिव्हारी लागतो. शॅनन नदीशी आले तर नदी दुथडी, नावा सगळ्या शत्रूनं हलवलेल्या. मग त्यांनी झाडीत लपून आपलेच घोडे मारले. मांस खाल्लं आणि फांद्यांच्या सांगाड्यावर कातडी ताणून होड्या केल्या. त्यांतून रात्री पलीकडे उतरले. पुढे ऑख्रिमला मोठी फौज आडवी आली, ती त्यांनी मोडली. पण थंडी कुणाला मोडता येते? रोज रात्री काही जण झोपले ते उठलेच नाहीत.

दोन आठवड्यांनी लीट्रिमच्या दारात पोचली ती पस्तीस माणसं. अठरा लढवय्ये, सोळा घोडेवाले आणि एक बाई.

हा सगळा वृत्तान्त आपल्याला मिळतो तो डोनल कॅमचा चुलतभाऊ फिलिप याच्यामुळे. तो लहान असतानाच स्पेनला पाठवला गेला होता, म्हणून वाचला. त्यानं लॅटिनमध्ये आयर्लंडचा इतिहास लिहिला, तो १६२१ साली लिस्बनला छापला गेला. डोनल कॅमही नंतर स्पेनला गेला. तिथल्या राजानं त्याला उमरावपद दिलं, पण परतायला आरमार काही दिलं नाही. १६१८ साली माद्रिदमध्ये, चर्चमधून बाहेर पडताना, एका आयरिश माणसाच्याच हातून तो मारला गेला. त्याला 'कॅम' म्हणत, म्हणजे वाकडा. खांद्यात व्यंग होतं म्हणून. मूळ पूर्वज डोळ्यावरून ओळखला गेला, हा खांद्यावरून.

लीट्रिमला पोचलेल्या त्या एकुलत्या एका बाईबद्दल मी आजींना बरंच विचारलं. त्या म्हणाल्या, "ती पोचली, एवढं मला पुरतं."

यानंतर दीड-दोनशे वर्षं 'ओ' गळत गेला. त्याच्याही आधी, १४६५ साली, डब्लिनच्या आसपासच्या इंग्रजी मुलखात राहणाऱ्या आयरिश माणसांनी इंग्रजी आडनाव घ्यावं असा कायदा झाला होता. नाव कसलं घ्यायचं तेही त्यात सांगितलं होतं: गावाचं, नाहीतर रंगाचं, नाहीतर धंद्याचं. म्हणजे आपल्याकडे जे आपसूक झालं ते तिथे हुकमानं करायला लावलं. बेअरा त्या कायद्याच्या टप्प्याबाहेर होतं. पण सतराव्या-अठराव्या शतकात जमिनी गेल्या, कचेऱ्या इंग्रजीतून चालू लागल्या, आणि लिहिणाऱ्याच्या कलमातून 'ओ' पडला. अमेरिकेतल्या बंदरावरच्या कारकुनांनी आयरिश नावं मोडली असं इथे पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. प्रवाशांच्या याद्या बोट सुटायच्या बंदरात तयार होत, पलीकडे त्या फक्त ताडून बघत. नावं मोडली ती घरीच. जन्मनोंदणी खात्याच्या मॅथेसन नावाच्या अधिकाऱ्यानं १८९० सालच्या जन्मांवरून आडनावांची मोजदाद केली. पहिलं मर्फी, दुसरं केली, तिसरं सलिव्हन. त्या एका वर्षात या नावाची ९७५ मुलं जन्मली, बहुतेक कॉर्क आणि केरीत. आणि त्यांतली बहुतेक नुसती सलिव्हन, 'ओ' नसलेली. पुढे १८९३ साली आयरिश भाषेसाठी झटणारी गेलिक लीग स्थापन झाली, भाषेचा अभिमान पुन्हा जागा झाला, आणि लोक हळूहळू 'ओ' परत लावायला लागले.

मधल्या काळात एक सलिव्हन अमेरिकेत मोठा झाला. जॉन सलिव्हन. वडील १७२३ साली आयर्लंड सोडून गेलेले, ओ'सलिव्हन घराण्यातले, शाळामास्तर. मुलगा वॉशिंग्टनच्या सैन्यात सेनापती झाला. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाचा आख्खा जिल्हा आहे. तिकडचे सलिव्हन त्याचं नाव अभिमानानं सांगतात. १७७९ साली वॉशिंग्टनच्या हुकमावरून याच सेनापतीनं हॉडनोशोनी या तिथल्या मूळच्या लोकांच्या मुलखावर स्वारी केली आणि त्यांची चाळीसच्या वर गावं जाळली. उभा मका, फळबागा, साठवलेलं धान्य, सगळं. बेघर झालेल्या त्या लोकांना पुढचा कडाक्याचा हिवाळा नायगारा किल्ल्याच्या आसपास उपाशी काढावा लागला. मी ग्लेनगॅरिफची हकीकत वाचून मग ही वाचली. पोटात गोळा आला. त्याला आपल्याच कुळाचा तो हिवाळा आठवला नसेल का? आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हेही लाल रेघेशेजारी लावायला हवं."

मोठ्या दुष्काळाबद्दल मी इथे फार लिहीत नाही. १८४५ला बटाटा सडायला लागला. १८४१च्या शिरगणतीत ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१मध्ये साडेपासष्ट लाखांवर आली. साधारण दहा लाख मेले, तितकेच देश सोडून गेले. त्या काळापासून गावोगाव एक रिवाज पडला. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेला निघायच्या आदल्या रात्री घरात माणसं जमत, मयताच्या रात्री बसतात तशी. गाणी होत, नाच होई, पहाटे आई हंबरडा फोडी. गेलेलं माणूस परत दिसणार नाही हे सगळ्यांनी धरलेलंच असे.

अ‍ॅलिहीजचं जाणं मात्र थोडं वेगळं होतं, कारण तिथल्या माणसांच्या हातात एक कसब होतं. डोंगराच्या पोटात तांबं निघालं आणि १८१२ साली पक्सली नावाच्या जमीनदारानं खाण सुरू केली. कॉर्नवॉलहून जाणते खाणकामगार आणले. त्यांनी आपल्यापुरतं बांधलेलं प्रार्थनाघर आज खाणीचं संग्रहालय आहे. स्थानिक माणसांना हलकं, कमी पैशाचं काम. बायका आणि मुलं उघड्यावर बसून हातोड्यांनी खडी फोडत. मी तिथे गेले तेव्हा पाऊस झिमझिमत होता. डोंगराच्या कुशीत इंजिनघराच्या उंच दगडी भिंती उभ्या आहेत, वर छप्पर नाही. खाली कातळावर तांब्याचा हिरवा ओघळ उतरलेला, देवघरातल्या न घासलेल्या ताम्हनावर चढतो तसा. हात लावला तर गार आणि खरबरीत.

१८८०च्या दशकात खाण बसली. तेव्हाच अमेरिकेत, समुद्रापासून शेकडो कोस आत, मोंटानाच्या डोंगरातल्या ब्यूट नावाच्या गावात तांब्याची प्रचंड खाण जोर धरत होती. तिचा कर्ताधर्ता मार्कस डेली, तोही आयर्लंडमधल्या कॅव्हनचा. त्याला आयरिश कामगार हवे होते. एक भाऊ गेला, त्यानं दुसऱ्याला तिकिटाचे पैसे धाडले, दुसऱ्यानं बहिणीला. १९०८ सालच्या ब्यूटच्या नामावलीत सलिव्हन आडनावाचे जवळजवळ बाराशे लोक होते. बेअरात ब्यूटला जाणं हे शेजारच्या तालुक्याला जाण्यासारखं झालं होतं. न्यूयॉर्क-बॉस्टन ही मधली स्टेशनं. पगार चांगला होता, पण खाणीतल्या धुळीनं फुप्फुसं जात, ऐन चाळिशीत माणसं खोकून मरत. १९१७च्या जूनमध्ये तिथल्या एका खाणीत आग लागून १६८ कामगार गेले.

आजींच्या आजोबांची सगळी भावंडं ब्यूटला गेली. राहिले ते एकटे आजोबा, कारण कुणीतरी शेत धरून बसायचं होतं. एका संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११च्या शिरगणतीची मूळ पानं कुणालाही फुकट बघता येतात. त्याआधीची जवळजवळ सगळी गेली. काही १९२२च्या यादवीत डब्लिनच्या दप्तरखान्याला आग लागली तेव्हा, काही त्याआधीच सरकारनं नष्ट केली. १९०१चं पान उघडलं. काळ्या शाईत, तिरप्या अक्षरात घरातली माणसं एकाखाली एक. आडनाव सलिव्हन. एका रकान्यात भाषा: आईबापांपुढे 'आयरिश आणि इंग्रजी', मुलांपुढे रकाना मोकळा, म्हणजे नुसती इंग्रजी. खाली कुटुंबप्रमुखाच्या सहीच्या जागी फुली.

आजींनी चष्मा वर सरकवला आणि बोट पडद्याला टेकवून प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं. सात मुलं. मग १९११चं पान. त्यावर एकच मुलगा, आजींचे आजोबा, आणि आता सही होती, त्यांच्या हातची. सहीत 'ओ' होता.

"ते शाळेत आयरिश शिकले," आजी म्हणाल्या. घरी राहिलेल्याला 'ओ' परत मिळाला. बोटीवर चढलेली सहाजणं सलिव्हनच राहिली, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं आजही मोंटानात सलिव्हन आहेत. एकाच चुलीवरची माणसं, एका अक्षरावरून ओळखता येतात.

२०१७च्या जूनमध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता. मालवण तालुक्यातलं वराड, आमच्या आचऱ्यापासून तासाभराच्या आत. त्यांचे वडील डॉक्टर, मुंबईहून विलायतेला गेलेले. आई वॉटरफर्डकडची परिचारिका. बातम्या देणारे 'व्ह-रॅड-कर' म्हणत होते आणि मी टीव्हीसमोर उभी राहून 'ड'वर जोर देत होते. त्यांचा जन्म डब्लिनचा, मराठी त्यांना येत नाही. तरी आयर्लंडच्या पंतप्रधानांच्या खुर्चीच्या पाटीवर सिंधुदुर्गातलं एक खेडं होतं. २०१९च्या डिसेंबरात ते वराडला जाऊन आले, तेव्हा घर शोधायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. आडनावच पत्ता होता. आजी म्हणाल्या, "नशीबवान आहेत. आमची अमेरिकेची माणसं येतात तेव्हा त्यांच्याजवळ नुसतं नाव असतं."

हे त्या बोलल्या ते किती खरं आहे ते मागच्या उन्हाळ्यात बघितलं. आजी माहेरच्या घरी महिनाभर राहायला गेल्या होत्या आणि मी त्यांना भेटायला दोन दिवसांसाठी अ‍ॅलिहीजला. संध्याकाळी चहा पीत बसलो होतो, तर दारात एक अमेरिकन बाई उभी. पन्नाशीची, अंगात पावसाळी जाकीट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले कागद. ब्यूटहून आली होती. पणजी इथली होती, घर शोधतेय, म्हणाली. नाव सलिव्हन.

आजींनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "कुठले सलिव्हन?"

तिला प्रश्नच कळला नाही. तिनं स्पेलिंग सांगितलं. आजींनी मान हलवली. इथे गावात निम्मी घरं सलिव्हन. आयर्लंडला २०१५पर्यंत पिनकोड नव्हता; पोस्टमन घरं ओळखायचा ती टोपणनावांवरून. लाल केसांच्या आजोबाचे ते 'रुआ', गोऱ्या आजीचे ते 'बॉन', कुणी डोंगरावरचे, कुणी विहिरीजवळचे. सरकारी कागदावर हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि गावात मात्र तेवढंच चालतं. बाईच्या पिशवीत जन्माचा दाखला होता, बोटीच्या यादीची प्रत होती, लग्नाची नोंद होती. सगळीकडे सलिव्हन. तिनं एकेक कागद पुढे केला, आजींनी एकेक परत दिला. चहा निवला. बाईचा चेहरा उतरत चालला होता.

जायला उठता उठता ती म्हणाली, पणजीच्या नावात एक मधला शब्द होता, तो कुठून आला हे घरात कुणालाच कळलं नाही. पणजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकावर आतून लिहिलेला आहे.

"काय शब्द?"

"गाव."

मी दचकले. मला वाटलं आपल्याला भास झाला. तिनं पुन्हा तोच शब्द म्हटला, अगदी आपण म्हणतो तसा. आजी कपबशी खाली ठेवून उभ्या राहिल्या. आयरिशमध्ये गाव म्हणजे लोहार. आपल्या शब्दाशी त्याचं काही नातं नाही, नुसता उच्चाराचा योग. पण बेअराच्या त्या स्वयंपाकघरात, हरवलेलं घर शोधत आलेल्या बाईच्या तोंडून तो शब्द ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

"म्हणजे तुम्ही लोहाराकडच्या," आजी म्हणाल्या. "मग आधी का नाही सांगितलं?"

त्यांनी खुंटीवरचा कोट काढला, काठी घेतली आणि आम्हा दोघींना घेऊन बाहेर पडल्या. पाऊस थांबला होता. समुद्राच्या बाजूनं अरुंद रस्ता उतरतो, त्याच्या दुसऱ्या वळणावर खाजकुइलीसारख्या झोंबणाऱ्या झुडपांत चार दगडी भिंती आहेत. एका भिंतीत काळवंडलेली भट्टीची कमान. आजींनी काठीनं झुडपं बाजूला केली. बाईनं त्या काळ्या दगडावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली काजळी बघत राहिली. मग पिशवीतून फोन काढून तिनं ब्यूटला, आपल्या आईला, फोन लावला.